उपडा चमचा

सकाळी साडेनऊ वाजता जामच्या कारखान्यात जी शांतता पसरायची, ती मालक आले तरी पसरत नसे. साडेनऊला चवबाई चव घ्यायच्या.

त्यांची पद्धत ठरलेली. आधी कोमट पाण्याने तीन चुळा. मग उंच स्टुलावर ताठ बसायचं. समोर पांढरी बशी, शेजारी पाण्याचा रिकामा पेला, हातात लाकडी चमचा. स्टीलच्या चमच्याला स्वतःची चव असते असं बाईंचं म्हणणं होतं, आणि बाईंच्या म्हणण्यावर वाद घालायची तिथे पद्धत नव्हती. मोठ्या कढईतला घाणा शिजून तयार झाला की त्यातला वाटीभर जाम गार करून त्यांच्यापुढे येई. बाई डोळे मिटून चमचा तोंडात नेत. चमचा पेल्यात उभा राहिला की घाणा पास, आणि लगेच बरण्या खणखणू लागत. चमचा बशीत उपडा पडला की घाणा नापास. का नापास, ते शोधायचं काम बाकीच्यांचं. साखर करपली, लिंबू कमी पडलं, साली कडू निघाल्या, काय ते तुमचं तुम्ही बघा. उपडा चमचा टाकून बाई उठल्या की त्या विषयावर ब्र काढत नसत. बावीस वर्षांत त्या एकदाही चुकल्या नव्हत्या. कारखान्यात तरी सगळे तसंच मानत, आणि सगळ्यांत जास्त बाई स्वतः.

ती मोठी कढई, तिच्यात गरगर फिरणारं ढवळणं, तळ खरवडणारी पाती आणि मोटर सांभाळायचे पानाकाका. हातात कायम पाना, म्हणून पानाकाका. चौतीस वर्षं एकाच कढईशी संसार केलेला माणूस. दोन महिन्यांनी निवृत्त व्हायचे होते. चार वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने चवबाईंच्या मुलीशी लग्न केलं आणि ही दोघं एकमेकांची व्याही-विहीण झाली. त्या लग्नाच्या केकसाठी बाईंनी आठवडाभर बेकऱ्या पालथ्या घातल्या होत्या. आणि ऐन समारंभात पानाकाकांनी पहिला घास घेऊन चारचौघांत म्हटलं, "गोड जरा कमी आहे." झालं! तेव्हापासून विहीणबाई व्याह्यांशी बोलत होत्या, पण मोजूनमापून.

आता दुखण्याकडे वळू. गेले काही महिने रोज सकाळी बाईंच्या पोटात, अगदी वरच्या अंगाला, निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. उपाशीपोटी तर फारच. आणि चव घ्यायची ती उपाशीपोटीच, हा त्यांचाच नियम. मजा अशी, की जामचा पहिला चमचा पोटात गेला की कळ थांबायची. बाईंना वाटलं, बघा, आपल्या जाममध्ये औषधी गुण आहे! त्यात गुडघे दुखतात म्हणून रोज सकाळी रिकाम्या पोटी एक वेदनाशामक गोळी. एके दिवशी बसमध्ये त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा मात्र नवरोबांनी हाताला धरून त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासण्या झाल्या, घशातून दुर्बीण खाली गेली, आणि दोघं निकाल ऐकायला बसले.

"अल्सर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"हात्तिच्या!" नवरोबांचा जीव भांड्यात पडला. "मला तर दर महिन्याला होतो. तोंड येतं ना, तोच की! माझं जेल आहे घरी, लावून टाकू."

"कुठे लावणार?"

नवरोबा विचारात पडले. "मग आमच्या आईच्या घोट्याला आहे, तसला असेल. तिलाही अल्सरच म्हणतात. नर्स येऊन घट्ट पट्टी बांधते."

"ती पट्टी यांच्या आतड्याला बांधू या का?"

बाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की पुढचा अर्धा तास ते भिंतीवरचं जठराचं चित्र न्याहाळत बसले.

डॉक्टरीणबाईंनी कागद ओढला. "अल्सर म्हणजे व्रण. आडनाव एकच, पण घरं वेगळी. तुमचा तोंडातला आठ-दहा दिवसांत आपला आपण बरा होतो, जेल फक्त ठणका कमी करतं. आजींच्या पायात रक्त तुंबून राहतं, म्हणून घट्ट पट्टी आणि पाय वर ठेवणं हेच तिथलं औषध. यांचा व्रण जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या तोंडाशी आहे. म्हणून उपाशीपोटी दुखतं आणि खाल्लं की थांबतं. जठरातला असता तर बहुतेक वेळा उलटं झालं असतं, खाल्ल्यावर दुखलं असतं."

"तिखटाने झाला ना?" बाईंनी विचारलं.

"तिखटावर सगळे उगाच आळ घेतात. एक जंतू असतो, जठरातल्या आम्लातही ठाण मांडून बसतो. तो तुमच्या पोटात सापडलाय. वर रोजची ती गुडघ्याची गोळी. दोघांनी मिळून हा उद्योग केलाय."

मग चौदा दिवसांची औषधं लिहून झाली. आम्ल कमी करणारी कॅप्सूल, सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी, म्हणजे व्रणाला भरून यायला उसंत मिळते. जंतू मारायला दोन प्रतिजैविकं, त्यातलं एक दुधाबरोबर चालत नाही. आणि बिस्मथची गोळी, ती व्रणावर लेप देते आणि जंतूलाही सतावते. गुडघ्याची गोळी आजपासून बंद. बरं वाटलं म्हणून मध्येच काही सोडायचं नाही.

"अजून एक," डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "जीभ काळी पडेल. शौचालाही काळं होईल. डांबरासारखं चिकट झालं किंवा चक्कर आली तरच लगेच या, एरवी घाबरू नका. आणि तोंडाला धातूसारखी चव येईल. औषध संपलं की जाईल."

"ती इतरांना येत असेल," चवबाई म्हणाल्या. "माझी जीभ तशी नाही."

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर 'तोंडाला धातूची चव' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

कारखान्यात बाईंनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. त्यांच्या आधी चव घेणारे एक आजोबा होते. ते एकदा सहज म्हणून गेले, "पोट बरं नाही." पुढच्या सोमवारी ते लेबलं चिकटवायच्या टेबलावर दिसले, ते शेवटपर्यंत. बाईंना भीती वाटत होती, अगदी सरळ भीती. घरी त्या चार बायकांसारख्या एक बाई होत्या, गुडघे धरून जिना चढणाऱ्या. स्टुलावर बसल्या की त्या चवबाई व्हायच्या. ते स्टूल गेलं तर मागे काय उरलं, हा विचारसुद्धा त्यांना सहन होईना.

तिसऱ्या दिवशी आरशात पाहिलं तर जीभ शाईत बुडवून काढल्यासारखी. बाईंनी ओठ मिटून बोलायला सुरुवात केली. हो ला "हं", नाही ला "अंहं". कारखान्यात बातमी पसरली की बाई कुणावर तरी रागावल्यात.

चौथ्या दिवशी, शुक्रवारी, संत्र्याच्या जामचा घाणा आला. बाईंनी डोळे मिटले, चमचा तोंडात नेला, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. गंजलेला खिळा चोखावा तशी चव! चमचा उपडा पडला. शनिवारी दुसरा घाणा. चमचा उपडा. सोमवारी तिसरा. शोधूनशोधून सगळे थकले होते, साखर बदलली, संत्री बदलली, पाणी बदललं. शेवटी बाईंनी बावीस वर्षांत पहिल्यांदा कारण सांगितलं. ओठांच्या फटीतून एकच शब्द आला.

"लोखंड."

सगळ्यांनी कढईकडे पाहिलं. मग पानाकाकांकडे.

"विहीणबाई," पानाकाका कसेबसे म्हणाले, "अख्खी कढई स्टीलची आहे हो. लोखंड येईल कुठून?"

"ते तुम्ही बघा," बाई दातांमागून म्हणाल्या.

काकांनी कढई उघडली. पाती काढली, ढवळणं काढलं, मोटर खाली उतरवली, एकेक नट पुसून फडक्यावर मांडला. जाममधून लोहचुंबक फिरवून पाहिलं, कणभरही काही चिकटलं नाही. बरण्या भरणाऱ्या मुलींनी बोटं बुडवून जाम चाटला आणि म्हणाल्या, "आम्हाला तर मस्त लागतोय." मॅनेजरने त्यांना झापलं, "तुमची जीभ कुठे, बाईंची जीभ कुठे!" त्यावर मुलींनी पुन्हा बोट चाटलं आणि म्हणाल्या, "हो, लागतंय बाई थोडंसं लोखंडासारखं." इतका त्या जिभेचा दरारा.

मॅनेजर नवा होता आणि त्याला सगळ्याचीच घाई होती. बुधवारी त्याने काकांना बोलावलं. "काका, दोन महिन्यांनी जाणारच होतात, आत्ताच थांबा. कढई भंगारात काढू. उद्या नव्या कढईवाले माप घ्यायला येतायत, त्यांचा मेकॅनिक त्यांच्याबरोबरच येतो." काकांनी मान हलवली. डब्याच्या वेळी बायका कुजबुजल्या, "केकचा सूड घेतला विहिणीने." ते बाईंच्या कानावर गेलं. त्यांना राग आला, पण थोडंसं बरंही वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लगेच लाज वाटली.

घरी वेगळाच गोंधळ. बाईंनी कुकर बाद केला, दोन पातेली माळ्यावर टाकली, नळाला गाळणी लावून घेतली. नवरोबा काचेच्या भांड्यात बटाटे उकडत होते. सासूबाई घोट्याला पट्टी बांधून, पाय दोन उशांवर ठेवून सगळं बघत होत्या.

"सूनबाई, कुकरात लोखंड, नळात लोखंड, मघाशी सफरचंद खाल्लंस त्यातही लोखंड. डॉक्टरीणबाई काही म्हणाल्या नव्हत्या का गं तुला?"

"म्हणाल्या होत्या. पण ते इतरांसाठी."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "मला बाई पट्टी घट्ट बांधतात तशी इतरांनाही घट्टच बांधतात. माझा पाय काही वेगळा निघाला नाही."

तेवढ्यात मुलीचा फोन. "आई, हे काय चालवलंयस तू? माझे सासरे दोन दिवस धड जेवले नाहीत. कढईची ती पाती घरी घेऊन आलेत, भिंगातून बघत बसतात. सारखं म्हणतात, माझ्या हातून काय राहिलं, माझ्या हातून काय राहिलं. तुझी खात्री आहे ना?"

"माझी जीभ कधी चुकलीय?" बाई म्हणाल्या. पण फोन ठेवल्यावर त्यांनी जेवण अर्ध्यावर टाकलं.

गुरुवारी सकाळी त्या कारखान्यात अर्धा तास आधी पोचल्या. नमुन्यांच्या खोलीत दर घाण्याची एकेक बरणी वर्षभर जपून ठेवलेली असे, तारखेची चिठ्ठी लावून. लोखंड नेमकं कधीपासून उतरायला लागलं ते शोधायचं, म्हणजे मुलीलाही उत्तर देता येईल, असा त्यांचा हिशेब. त्यांनी महिन्यापूर्वीची बरणी उघडली. लोखंड. सहा महिन्यांपूर्वीची. लोखंड. मग अगदी मागची, मागल्या वर्षीची. त्या दिवशीचा घाणा त्यांना चांगला आठवत होता, इतका सुरेख होता की पेल्यात चमचा ठेवताना त्या चक्क हसल्या होत्या. त्यांनी चमचा तोंडात नेला.

लोखंड.

बाई मटकन खोक्यावर बसल्या. एकतर जीभ तेव्हा चुकली होती, नाहीतर आत्ता चुकत होती. त्यांनी फडताळातून कोरा लाकडी चमचा काढला, ज्याला अजून जामचा थेंब लागला नव्हता, आणि नुसता तोंडात धरला. लाकूडसुद्धा लोखंडी लागलं.

तोंडातला चमचा गळून त्यांच्या पदरात पडला. मग त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. भिंगातून पाती बघत बसलेला तो बिचारा माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. गप्प बसणं अगदी सोपं होतं. चार दिवसांनी गोळ्या संपतील, चव परत येईल, नवी कढई येईल, सगळे म्हणतील, बघा, बाईंचंच खरं होतं. जीभ कधीच चुकली नाही असंच राहील. बोललं तर लेबलांचं टेबल. बाईंना ते टेबल इथूनही दिसत होतं. त्यांनी पदरात पडलेला तो कोरा चमचा मुठीत घट्ट धरला आणि त्या उठल्या.

कढईपाशी नव्या कढईवाले फीत लावून मापं घेत होते. पानाकाका हत्यारांची पिशवी भरत होते, एकेक पाना फडक्यात गुंडाळून. साडेनऊ वाजले. आज घाणा नव्हता, तरी बाई स्टुलावर जाऊन ताठ बसल्या, आणि सवयीने सगळ्या कारखान्यात शांतता पसरली.

बाईंनी चमचा रिकाम्या बशीत उपडा टाकला. खट्ट आवाज झाला.

"बाई, आज तर जामच नाही," मॅनेजर म्हणाला. "नापास कोण?"

"मी," बाई म्हणाल्या. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा पूर्ण तोंड उघडून त्यांनी सगळ्यांसमोर जीभ बाहेर काढली.

कोळशासारखी काळीकुट्ट! बरण्यांच्या मुलींपैकी एकजण किंचाळली. मॅनेजर दोन पावलं मागे सरकला. फीत धरलेल्या माणसाच्या हातून फीत सुटली आणि सर्रकन गुंडाळली गेली.

"मला अल्सर झालाय, लहान आतड्याला," बाई म्हणाल्या. "त्याच्या औषधांनी जीभ काळी होते आणि सगळं धातूसारखं लागतं. डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं. मी म्हटलं, माझी जीभ वेगळी. कढईत काही नाही. मागल्या वर्षीचा जामही मला लोखंडी लागला. नुसतं लाकूडही. मी स्टूल जाईल म्हणून घाबरून गप्प बसले, आणि व्याहीबुवांच्या चौतीस वर्षांवर डाग लावला. व्याहीबुवा, माझं चुकलं."

बाईंच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द त्या इमारतीने कधी ऐकला नव्हता.

पानाकाका पिशवी खाली ठेवून पुढे आले. त्यांचा चेहरा आधी रागाने लाल झाला, मग काय झाला कुणास ठाऊक, पण हळूहळू सैल पडला.

"चार दिवस कढई उघडून बसलोय मी," ते म्हणाले. "चारदा नट मोजले. रात्री झोप नाही." मग नाक पुसून म्हणाले, "पण एक आहे. चार दिवस भिंग लावूनही तिच्यात खोट सापडली नाही. एवढं चांगलं सर्टिफिकेट चौतीस वर्षांत मला कुणी दिलं नव्हतं."

आधी बरण्यांच्या मुली हसल्या, मग सगळेच.

मॅनेजर मात्र घसा खाकरून म्हणाला, "ते ठीक आहे, पण बाईंची तब्येत अशी असेल तर... लेबलांच्या टेबलावर जागा आहे..."

"साहेब," पानाकाका त्याला तोडत म्हणाले, "यंत्र दुरुस्तीला आलं म्हणून भंगारात काढतात का? उघडायचं, पुसायचं, तेलपाणी करायचं, परत बसवायचं. बाईंची दुरुस्ती चालू आहे. चार दिवसांचं काम राहिलंय."

मॅनेजरने कढईकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि कढईवाल्यांना म्हणाला, "तुम्ही चहा घेऊन निघा."

"पण तोपर्यंत चव कोण घेणार?" कुणीतरी विचारलं.

बाईंनी पेल्यासकट स्टूल पुढे सरकवलं. "या कारखान्यात माझ्या तोंडावर 'गोड कमी आहे' म्हणणारा एकच माणूस निघालाय. त्याला बसवा."

पानाकाका स्टुलावर बसले तेव्हा शिक्षा झाल्यासारखे दिसत होते. पण अडवलेले तिन्ही घाणे त्यांनी पास केले, आणि बाईंनी शेजारी उभं राहून त्यांना चुळा भरायला, डोळे मिटायला आणि पाठ ताठ ठेवायला शिकवलं. एक नवा नियमही केला. चमचा उपडा टाकणाऱ्याने कारण सांगायचं, आणि बाकीच्यांनीही आपापली जीभ वापरायची.

गोळ्या संपल्या. जीभ कडेकडेने गुलाबी होत आली, आणि एका सकाळी सफरचंद सफरचंदासारखं लागलं. बाईंनी अर्धं सासूबाईंना दिलं. सासूबाई नुसत्या हसल्या, आणि ते बोलण्यापेक्षा जास्त झोंबलं. जंतू खरंच गेला का, ते बघायला महिन्याने पुन्हा तपासणी होती. तोवर रोज सकाळी न्याहारी करूनच निघायचं, असा डॉक्टरीणबाईंचा हुकूम होता, आणि या वेळी बाईंनी तो इतरांवर ढकलला नाही.

साडेनऊ वाजले. संत्र्याचाच घाणा. पानाकाका पाना घेऊन कढईपाशी उभे होते, पण सगळं लक्ष स्टुलाकडे. बाईंनी चुळा भरल्या, डोळे मिटले, चमचा तोंडात नेला. बराच वेळ गेला. मग त्यांनी चमचा बशीत उपडा टाकला.

मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. पानाकाका पुढे आले.

"कारण?" काकांनी विचारलं. आता नियमच होता.

बाईंनी डोळे उघडून व्याह्यांकडे पाहिलं.

"गोड जरा कमी आहे."

"बघा!" पानाकाका ओरडले. "मी मघापासून हेच म्हणतोय, साखर कमी टाकलीय, पण माझं ऐकतं कोण!"

"मी ऐकतेय," चवबाई म्हणाल्या. "आणि व्याहीबुवा, केकलाही कमीच होतं."